हॅलोजनखालची चढाई फोटोत धूसर का येते?

संध्याकाळी सातनंतर मैदानावर दिवे लागतात. मातीवर पाणी मारून झालेले असते, फक्कीच्या रेषा ताज्या असतात आणि लाउडस्पीकरवर संघांची नावे पुकारली जात असतात. शाळांच्या आणि क्रीडा मंडळांच्या मुलामुलींच्या कबड्डी स्पर्धा महाराष्ट्रात अनेक ठिकाणी अशा प्रकाशझोतातच होतात. दिवसा शाळा, क्लास आणि पालकांच्या नोकऱ्या. उन्हाळ्यात तर दुपारी मैदानावर पाय ठेवायला नको वाटते. त्यामुळे सामना रात्री, आणि दोरीच्या पलीकडे हातात फोन धरून उभे असलेले आई, बाबा, मामा, आजोबा हे चित्र नेहमीचे झाले आहे.

मूल चढाईला जाते, एक गडी बाद करून मध्यरेषेवर परत येते, टाळ्या पडतात. सामना संपल्यावर पहिला प्रश्न येतो, ‘‘आई, माझा फोटो आला का गं?’’ फोनमध्ये आलेले असते ते वेगळेच. जर्सीच्या रंगाचा एक फराटा, चेहऱ्याच्या जागी पांढरट डाग आणि मागे अगदी ठळक, अक्षर न् अक्षर वाचता येईल असा प्रायोजकाचा फलक. मग दोष फोनला दिला जातो, नाहीतर काढणाऱ्याच्या हाताला. खरे कारण बहुतेक वेळा या दोन्हींत नसते. ते उजेड आणि वेळ यांच्या हिशेबात असते. तो हिशेब एकदा समजला की साध्या फोननेही लक्षात राहील असा फोटो निघू शकतो. शिवाय सगळा सामना फोनच्या काचेतून पाहण्याची गरजही उरत नाही.

डोळा उजेड मोजत नाही

‘‘एवढा लख्ख उजेड होता, तरी फोटो काळा कसा?’’ ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. याचे पहिले उत्तर आपल्या डोळ्यांत आहे. पृष्ठभागावर पडणारा उजेड ‘लक्स’ या एककात मोजतात. एका मेणबत्तीचा एक मीटर अंतरावर पडणारा उजेड म्हणजे साधारण एक लक्स. भर दुपारच्या उन्हात हा आकडा सुमारे १,००,००० असतो, ढगाळ दिवशी १०,००० च्या आसपास आणि कार्यालयातल्या टेबलावर ३०० ते ५००. टीव्हीवर थेट प्रक्षेपण होणाऱ्या मोठ्या स्टेडियममध्ये हजार-दोन हजार लक्सची सोय केलेली असते. मंडळाच्या मैदानावर खांबाला बांधलेल्या चार-सहा दिव्यांखाली मात्र १०० ते २०० लक्स मिळाले तरी पुष्कळ. म्हणजे रात्री ‘लख्ख’ वाटणारे मैदान दुपारच्या मैदानापेक्षा पाचशे ते हजार पट अंधारे असते.

हा फरक जाणवत नाही, कारण डोळा उजेडाचा आकडा सांगत नाही, भोवतालाशी तुलना सांगतो. बाहुली दोन मिलिमीटरपासून सात-आठ मिलिमीटरपर्यंत उघडते, पण त्यामुळे आत जाणारा उजेड फार तर सोळा पट वाढतो. बाकीचे काम डोळ्यातला पडदा आणि मेंदू करतात. उजेड कमी झाला की पेशी आपली संवेदनशीलता वाढवतात. त्यात आजूबाजूला काळोख असेल तर मधले मैदान आणखी उजळ भासते. कॅमेऱ्याकडे ही सोय नाही. त्याच्या सेन्सरवर प्रकाशाचे जेवढे कण पडतील तेवढेच तो मोजतो. टीव्हीवरच्या सामन्याशी आपल्या फोटोची तुलना करणे म्हणूनच अन्यायाचे आहे. तिथे उजेड दहा पट असतो आणि कॅमेऱ्याची भिंगेही हातभर लांब असतात.

सेकंदाच्या तिसाव्या भागात वीतभर

दुसरी बाजू वेळेची. उजेड कमी असला की कॅमेरा आपले दार, म्हणजे शटर, जास्त वेळ उघडे ठेवतो. रात्री स्वयंचलित पद्धतीवर ठेवलेला फोन सहज १/३० सेकंद घेतो. एरवी हा क्षण नगण्य वाटेल. पण धावणारे मूल सेकंदाला पाच मीटर जाते असे धरले तर १/३० सेकंदात ते सुमारे १७ सेंटीमीटर सरकते. जवळपास एक वीत! फोटोतला फराटा हाच. १/१२५ सेकंदात ते चार सेंटीमीटर सरकते, १/५०० मध्ये एक सेंटीमीटर आणि १/१००० मध्ये अर्धा सेंटीमीटर. गडी टिपायला झेपावलेला हात शरीरापेक्षाही वेगाने जातो, म्हणून शरीर नीट आले तरी पंजा धूसर येतो.

बिघडलेला फोटोच आपले निदान सांगतो. मागचा फलक ठळक आणि मूल धूसर असेल, तर हात स्थिर होता आणि शटर मंद होते. सगळेच धूसर असेल तर हात हलला. मैदानात स्थिर उभी असलेली मुलेही धूसर आणि फक्त मागची गर्दी ठळक असेल, तर फोकस चुकला. रात्रीच्या खेळाचे बहुतेक वाया गेलेले फोटो पहिल्या प्रकारात मोडतात.

वेळेचे इतके बारीक तुकडे करायचे तर भरपूर उजेड लागतो, हे छायाचित्रणाला फार पूर्वीच कळले होते. धावत्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात का, याचा छडा लावण्यासाठी एडवर्ड मायब्रिज यांनी १८७८ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे बारा कॅमेरे ओळीने लावले. घोडा पुढे जाताना ताणलेले दोरे तुटत आणि एकेक शटर उघडे. चारही पाय सुटतात हे त्या फोटोंनी सिद्ध केले. पण त्यासाठी कॅलिफोर्नियाचे ऊन आणि घोड्यामागे पांढरी पार्श्वभूमी लागली होती. रात्रीच्या मैदानावर नेमकी हीच श्रीमंती नसते.

तीन आकड्यांचा व्यवहार

कॅमेऱ्यात तीन गोष्टी उजेड ठरवतात. भिंगाचे तोंड किती उघडे आहे, शटर किती वेळ उघडे आहे आणि मिळालेला संकेत किती पट वाढवला आहे. या तिसऱ्याला ‘आयएसओ’ म्हणतात. फिल्मच्या काळापासून एक नियम चालत आला आहे. लख्ख उन्हात भिंग एफ/१६ वर, आयएसओ १०० आणि शटर १/१०० सेकंद ठेवले की फोटो बरोबर येतो.

आता मैदानावर या. २०० लक्स म्हणजे उन्हाच्या पाचशे पट कमी उजेड. एफ/२.८ चे मोठ्या तोंडाचे भिंग लावले तर एफ/१६ च्या सुमारे ३२ पट उजेड आत येतो. तरीही तूट साधारण पंधरा पटींची राहते. त्यात धावणारे मूल स्थिर दिसावे म्हणून शटर १/१०० ऐवजी १/५०० केले की तूट आणखी पाच पट वाढते. ही पंच्याहत्तर पटींची तूट आयएसओने भरून काढायची, म्हणजे तो ७,५०० च्या घरात न्यावा लागतो. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या साध्या झूम भिंगाचे तोंड पूर्ण झूमवर एफ/५.६ एवढेच उघडते. तिथे हाच आकडा ३०,००० होतो. फोनचे मुख्य भिंग एफ/१.८ च्या आसपास असते, त्यामुळे आयएसओ ३,००० वर भागते. पण फोनची अडचण वेगळी आहे. मोठ्या कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो, बहुतेक फोनचा त्याच्या दहाव्या हिश्शाएवढाही नसतो. भांडेच लहान, मग पाणी किती साठणार?

फोनमधला झूम हा आणखी एक चकवा. झूमसाठी दिलेल्या वेगळ्या भिंगाचे तोंड सहसा अरुंद असते आणि त्यामागचा सेन्सर आणखी छोटा. म्हणून अंधारात अनेक फोन ते भिंग वापरतच नाहीत. मुख्य कॅमेऱ्याच्या चित्राचा मधला तुकडा मोठा करून दाखवतात. तेव्हा मैदानावर झूम न करता मुख्य भिंगानेच फोटो घ्यावा आणि नंतर हवा तेवढा कापावा. त्याहून चांगले म्हणजे दोन पावले पुढे जावे.

दाणे परवडतील, फराटा नको

आयएसओ वाढवला की फोटोत दाणे येतात, म्हणून तो कमीच ठेवावा असा सल्ला सर्रास दिला जातो. दिवसा तो ठीक आहे. रात्रीच्या खेळात तोच घात करतो. दाण्यांचे खरे कारण आयएसओ नसून अपुरा उजेड आहे.

वळवाचा पाऊस सुरू होताना अंगणात शंभर वाट्या मांडल्या आहेत अशी कल्पना करा. पहिल्या काही सेकंदांत एका वाटीत तीन थेंब पडतात, शेजारच्या वाटीत एकही नाही, पलीकडे पाच. पाऊस सगळीकडे सारखाच असूनही वाट्या सारख्या भरत नाहीत. तासभर कोसळल्यावर मात्र सगळ्या वाट्यांतले पाणी जवळपास सारखे दिसते. प्रकाशही असाच सुट्या कणांनी पडतो. सेन्सरच्या एका बिंदूवर सरासरी १०० कण पडत असतील, तर प्रत्यक्षातला आकडा त्याच्या वर्गमुळाइतका, म्हणजे दहाने, मागेपुढे होतो. ही दहा टक्क्यांची चूक झाली. १०,००० कण पडले तर आकडा शंभराने मागेपुढे होतो, पण चूक एकच टक्का. कमी उजेडातली ही असमानता म्हणजेच फोटोतले दाणे. आयएसओ फक्त त्यांना मोठ्याने बोलायला लावतो.

यातून एक व्यवहारी नियम निघतो. दाणे सॉफ्टवेअरने बऱ्यापैकी पुसता येतात आणि पोस्टकार्डाएवढ्या छापील फोटोत तर ते फारसे दिसतही नाहीत. फराट्यातून हरवलेला चेहरा मात्र मागे आणता येत नाही. म्हणून दोन्हींपैकी एक सोसायचे असेल तर दाणे सोसावेत. फोनच्या ‘प्रो’ किंवा ‘मॅन्युअल’ पद्धतीत शटर १/२५० ते १/५०० वर ठेवावे आणि आयएसओ फोनला ठरवू द्यावा. ही पद्धत फोनमध्ये नसेल तर खेळांसाठी दिलेली ‘स्पोर्ट्स’ किंवा ‘अॅक्शन’ पद्धत काही प्रमाणात हेच काम करते.

‘नाइट मोड’ मात्र खेळासाठी बंदच ठेवावा. २०१८ मध्ये गूगलने पिक्सेल फोनमध्ये ‘नाइट साइट’ आणल्यानंतर अशा सोयी सगळीकडे पसरल्या. त्यात फोन एकामागोमाग अनेक चित्रे घेतो आणि ती एकावर एक बसवून दाणे घटवतो. दीपमाळ, घाट, रांगोळी अशा स्थिर गोष्टींवर ही युक्ती अप्रतिम चालते. चढाईपटू मात्र प्रत्येक चित्रात वेगळ्या जागी असतो. मग सॉफ्टवेअरला त्याचे काय करावे हे कळत नाही आणि फोटोत तीन हातांचा, धुरकट गडी उभा राहतो.

दिवे सेकंदाला शंभर वेळा लवतात

लोक मैदानावरच्या दिव्यांना अजूनही सरसकट ‘हॅलोजन’ म्हणतात. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी मेटल हॅलाइडचे, आणि आता एलईडीचे दिवे असतात. भारतातला वीजप्रवाह सेकंदाला ५० वेळा दिशा बदलत पुन्हा मूळ जागी येतो आणि प्रत्येक फेऱ्यात दिव्याला दोनदा जोर मिळतो. म्हणून मेटल हॅलाइडचे दिवे आणि स्वस्त जुळणीचे एलईडी सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. इतकी वेगवान लवलव डोळ्याला दिसत नाही. १/५०० सेकंद उघडणाऱ्या शटरला मात्र ती पकडते. दिव्याचा एक फेरा दहा मिलिसेकंदांचा असतो आणि शटर दोनच मिलिसेकंद उघडते. ते कधी उजळ क्षणी उघडते, कधी मंद क्षणी. म्हणूनच लागोपाठ घेतलेल्या पाच फोटोंत दोन उजळ, एक काळपट आणि एक पिवळसर निघतो. मेटल हॅलाइडच्या दिव्यात या लवण्याबरोबर रंगही थोडा बदलतो.

फोनमध्ये याची आणखी एक खूण दिसते, ती म्हणजे चित्रावर आडवे काळे पट्टे. फोनचा सेन्सर चित्र एकाच वेळी वाचत नाही, ओळीओळीने वाचतो. वरची ओळ वाचताना दिवा उजळलेला असतो, खालची वाचेपर्यंत मंदावलेला. स्लो मोशनमध्ये घेतलेल्या चढाईत सगळे मैदान लुकलुकते, त्याचेही कारण हेच.

यावर उपाय साधे आहेत. एकच फोटो न काढता बटण दाबून धरून लागोपाठ सात-आठ घ्यावेत, त्यातले एक-दोन उजळ क्षणावर नक्की पडतात. चांगल्या कॅमेऱ्यांत दिव्याची लय ओळखून उजळ क्षणीच शटर उघडणारी सोय असते, ती चालू ठेवावी. व्हिडिओ घेताना सेकंदाला ३० ऐवजी २५ किंवा ५० चित्रांची निवड करावी. काही फोनमध्ये ती ‘पीएएल’ या नावाखाली सापडते. ३० आणि ६० हे आकडे अमेरिकेतल्या ६० हर्ट्झच्या विजेशी जुळणारे आहेत. आपल्याकडच्या दिव्यांशी २५ आणि ५० जुळतात.

फ्लॅश नकोच

उजेड कमी आहे तर फ्लॅश का नको? याचे पहिले कारण गणिताचे. बिंदूएवढ्या दिव्याचा उजेड अंतराच्या वर्गाने घटतो. दोन मीटरवर जेवढा उजेड पडतो, त्याचा दहा मीटरवर पंचविसावा हिस्सा उरतो. फोनचा फ्लॅश जेवणाच्या टेबलापुरता असतो. मैदानावर त्याने पुढच्या रांगेतल्या प्रेक्षकाची पाठ तेवढी उजळते. ती उजळ पाठ पाहून कॅमेरा फसतो आणि मैदान आणखी काळे करतो.

दुसरे कारण मुलांचे. कॅमेऱ्याच्या साध्या फ्लॅशने काही अंतरावरून डोळ्यांना कायमची इजा होत नाही. पण मोठा फ्लॅश जवळून डोळ्यांवर पडला तर पडद्यावरच्या त्या भागातले प्रकाशसंवेदी रंगद्रव्य क्षणभर खर्ची पडते आणि काही सेकंद नजरेसमोर डाग तरंगत राहतो. पलंगावर बसून फोटोसाठी हसणाऱ्या मुलाला त्याने काही फरक पडत नाही. सहा-सात गड्यांवर नजर ठेवून पाय मागे-पुढे करणाऱ्या चढाईपटूला मात्र ते दोन सेकंद फार महाग पडतात. पकड नेमक्या त्याच वेळी होऊ शकते, पाय चुकीचा पडून गुडघा किंवा घोटा मुरगळू शकतो. फोकससाठी कॅमेऱ्याच्या पुढून येणारा छोटा दिवाही याच कारणाने बंद ठेवावा.

क्षण निवडावा, वेग आपोआप घटतो

उजेड वाढवता येत नसेल तर हालचाल कमी असलेला क्षण शोधावा. वेगवान खेळातही असे क्षण असतात. वर उडालेले शरीर सर्वोच्च बिंदूवर क्षणभर थबकते. त्या बिंदूच्या आधीच्या आणि नंतरच्या वीसाव्या हिश्शाच्या सेकंदात ते उभ्या दिशेने जेमतेम सव्वा सेंटीमीटर सरकते. बचावपटूंवरून घेतलेली हनुमान उडी तिथेच टिपावी. पूर्ण लांबवलेला हात किंवा पाय माघारी वळण्यापूर्वी शून्य वेगावर येतो. चढाईपटू दिशा बदलतो तेव्हाही तसेच होते. अशा क्षणी १/१२५ चे शटरही पुरते.

धावण्याची दिशाही महत्त्वाची. डोळ्यांसमोरून आडवे जाणारे मूल फोटोत जास्त सरकते, सरळ आपल्याकडे येणारे फार कमी. कबड्डीत म्हणून बाजूला उभे राहण्यापेक्षा आपल्या संघाच्या मागच्या बाजूला जागा घ्यावी. मूल गडी टिपून परत येते तेव्हा ते चेहऱ्यासकट कॅमेऱ्याकडे येते. खो-खोत हीच जागा खांबामागे सुरक्षित अंतरावर असते.

दिवसा नजरेला पडणाऱ्या घटनेवर बोट हलायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्यात धावणारे मूल मीटरभर पुढे गेलेले असते. ‘आता’ असे वाटल्यावर बटण दाबले तर तो क्षण निसटलेला असतो. आपल्या मुलाची सवय ज्याला ठाऊक असते, तो डाव्या कोपऱ्याकडे वळण्याआधीच बटण धरून ठेवतो. इथे आई-बाबा महागड्या कॅमेऱ्याच्या छायाचित्रकारापेक्षा पुढे असतात.

सामन्याआधी पाच मिनिटे मैदानाभोवती एक फेरी मारावी. चेहऱ्याच्या उंचीवर आपला तळहात धरून तो कुठे जास्त उजळतो ते पाहावे. दिवे उंचावरून खाली पडत असल्याने माती उजळ आणि चेहरे सावलीत, असे बऱ्याच जागी होते. दिवा आपल्या पाठीमागे आणि थोडा बाजूला असलेली जागा उत्तम. दिवा चौकटीत आला तर चित्रावर पांढरे धुके पसरते. भेळ खाल्लेल्या बोटांचा ठसा भिंगावर असला तरी तेच होते, म्हणून भिंग मऊ कापडाने पुसून घ्यावे. मध्यरेषेवर बोट दाबून धरले की बहुतेक फोनमध्ये फोकस आणि उजेड तिथे बांधला जातो. मागचे काळे आकाश पाहून फोन चेहरे जास्त पांढरे करतो, त्यासाठी उजेडाची पट्टी किंचित खाली ओढावी.

आणि प्रत्येक चांगला फोटो चढाईतच मिळतो असे नाही. मैदानात पाऊल टाकण्याआधी मातीला हात लावून कपाळाला नेणारे मूल, बाद होऊन गुडघ्यांची माती झटकत बसलेले मूल, शेवटच्या मिनिटाला श्वास रोखून उभी असलेली राखीव फळी. इथे वेग नसतो, त्यामुळे साधा फोनही चुकत नाही. वर्षांनंतर घरात असेच फोटो पुन्हा पुन्हा काढून पाहिले जातात.

जे फोटोत येत नाही

तंत्र जमले तरी एक प्रश्न उरतो. सामना पाहायचा की टिपायचा? अमेरिकेतील फेअरफिल्ड विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात लोकांना एका कलासंग्रहालयात फिरवले. काही वस्तूंचे फोटो काढायला सांगितले, काही नुसत्या पाहायला. दुसऱ्या दिवशी विचारले तेव्हा फोटो काढलेल्या वस्तू लोकांना कमी आठवल्या. वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो घेतला असेल, तर मात्र ही घट दिसली नाही. कॅमेरा लक्षात ठेवील या भरवशावर मन सैल पडते आणि बारकाईने पाहिले की ते पुन्हा जागे होते, असा त्याचा अर्थ लावता येतो.

२०१७ मध्ये अलिक्सांड्रा बराश, क्रिस्टिन डील आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांनी याला आणखी एक बाजू जोडली. स्वतःच्या मर्जीने फोटो काढणाऱ्यांना पाहिलेल्या गोष्टी अधिक चांगल्या आठवल्या, पण ऐकलेल्या गोष्टी कमी. फोटो काढताना लक्ष डोळ्यांकडे जाते आणि कानांकडून निघून जाते.

कबड्डीसाठी ही नोंद फार मोलाची आहे. हा खेळ अर्धा कानांनी पाहायचा असतो. मूल दम घेऊन मध्यरेषा ओलांडते आणि तीस सेकंदांच्या आत परतते. त्या वेळात त्याचा ‘कबड्डी, कबड्डी’चा सूर कुठे चढतो, कुठे कापतो, कुठे पकडीत अडकल्यावरही तुटत नाही, हे फोटोत कधीच येत नाही. दोरीपलीकडे उभ्या असलेल्या माणसालाच ते मिळते, तेही त्याचे कान मोकळे असतील तर.

म्हणून दोन्हींची वाटणी करून घेणे शहाणपणाचे. पहिल्या डावात ठरावीक जागेवरून, ठरवलेल्या दोन-तीन चढायांचे फोटो घ्यावेत. मध्यंतरात एकदा पाहून चुका सुधाराव्यात. दुसऱ्या डावात फोन खिशात जावा. दोन-चार पालकांनी आपसात वाटून घेतले तर आणखी सोपे. आज एकाने सगळ्यांच्या मुलांचे फोटो काढायचे, उद्या दुसऱ्याने. इतरांच्या मुलांचे फोटो गटात किंवा समाजमाध्यमांवर टाकण्याआधी त्यांच्या पालकांना विचारायचे, एवढे पथ्य मात्र पाळावे.

घरी आल्यावर आंथरुणात पडून तीनशे फोटो चाळण्याचा मोहही टाळलेला बरा. रात्री डोळ्यांवर पडणारा उजेड झोपेची वेळ सांगणारे मेलाटोनिन हे संप्रेरक घटवतो. मुलांची बाहुली मोठी आणि डोळ्याचे भिंग अधिक नितळ असल्याने त्यांच्यावर हा परिणाम जास्त होतो. आधीच दोन तास दिव्यांखाली आणि सामन्याच्या ताणात गेलेल्या मुलाला त्या रात्री झोप हीच खरी भरपाई. फोटो निवडायला रविवारची सकाळ चांगली.

चढाई संपली की मूल आधी पंचांच्या हाताकडे पाहते आणि मग दोरीपलीकडे. त्या नजरेला तिथे फोनची मागची बाजू दिसावी की आपला चेहरा, हे ठरवायला ना लक्स मोजावे लागतात, ना शटरचे गणित. गणित उपयोगी पडते ते एवढ्यासाठी की चार चांगले फोटो लवकर मिळावेत आणि उरलेला सामना उघड्या डोळ्यांनी, उघड्या कानांनी पाहता यावा.